बेलापुरात नवी मुंबई

बेलापूरचा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "सेक्टर कोणता?" आमच्या बेलापुरात सेक्टर नाहीत. वाडे आहेत, बोळ आहेत, प्रवरेचा काठ आहे, बुद्रुक आहे, खुर्द आहे. आणि एक बेलापूर स्टेशन आहे, ते बेलापुरात नाही. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, त्यावरच्या एका स्टेशनाला आमच्या गावाचं नाव मिळालं. पुढं स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली, तिचं श्रीरामपूर झालं, तालुकाही तिच्याच नावाचा झाला. आम्हांला फलाटावरची पाटी तेवढी राहिली. पाहुणे स्टेशनात उतरून फोन करतात, "आलो बेलापूरला." आम्ही म्हणतो, "अजून नाही आलात, रिक्षा करा."

माझा जन्म या बेलापुरातला आणि नोकरी नवी मुंबईतल्या, खाडीकाठच्या त्या बेलापुरात. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मी बेलापूरहून बेलापूरला राहायला आलो, आणि हे वाक्य बँकेपासून गॅसच्या एजन्सीपर्यंत प्रत्येक खिडकीवर समजावून सांगण्यात माझे पहिले काही महिने गेले. पण तो वेगळा विषय आहे. हा लेख भाजीपाल्याबद्दल आहे.

आमच्या खाडीकाठच्या फ्लॅटला बाल्कनी होती आणि त्या बाल्कनीनं माझं डोकं फिरवलं. तिथं काहीही लावा, यायचं. मायाळूचा वेल कुणालाही न विचारता वरच्या मजल्यावर गेला आणि सोसायटीच्या सचिवांनी त्याबद्दल मला लेखी समज दिली. पानवेल वाढली, अळू वाढलं, मिरीच्या वेलानं भिंत धरली, कुंडीतल्या अननसाला एकदा खरोखरचा अननस लागला, लिंबाएवढा, पण शेंडी पूर्ण मापाची. हे सगळं दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस आणि बारमाही दमट हवा करत होती. श्रेय मी घेत होतो. गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये 'गच्चीवरची बाग' या विषयावर मी दोनदा बोललो. श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' वाचलेलं होतं, त्यांचा दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचा संसार चालवण्याचा विचार पाठ होता, तो मी चहाच्या वेळी लोकांना ऐकवायचो. राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तर "आमच्या जिल्ह्याच्या" म्हणून पेढे वाटले. राहीबाई अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. त्यांचं सगळं काम गावठी बियाण्याचं, ज्या मातीत राहिलं त्या मातीची सवय झालेल्या वाणांचं. मी अभिमान जिल्ह्याचा घेतला आणि बियाणं मात्र मॉलच्या तळमजल्यावरून आणत राहिलो.

तर एप्रिलमध्ये, ज्या महिन्यात आमच्याकडे शहाणा माणूस झाड हलवत नाही, त्या महिन्यात मी सगळी झाडं टेम्पोत घालून निघालो. माळशेज चढेपर्यंत पानं टवटवीत होती. ओतूरला थोडी मलूल झाली. आळेफाट्याला आम्ही मिसळ खाल्ली, तेवढ्यात अळूनं माना टाकल्या. संगमनेर ओलांडलं तेव्हा मागं वळून पाहिलं तर टेम्पोत झाडं होती की त्यांचं वाळवण होतं, ते सांगता आलं नसतं.

टेम्पो थांबला तेव्हा नाना ओट्यावरच बसलेला होता. नाना माझा थोरला चुलत भाऊ. ऊस, कांदा, मका, घास, दोन म्हशी आणि अलीकडे मुलानं काढलेली कोंबड्यांची शेड, एवढं सगळं सत्तरी ओलांडून सांभाळतो. मी वर्ग एकचा अधिकारी म्हणून निवृत्त झालो हे त्याला माहीत आहे. तो मला बाळूच म्हणतो.

"काय आणलं रे बाळू?"

"मिरी, सुपारी, कोकम, मायाळू, अननस."

नानानं प्रत्येक कुंडीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "उन्हाळ्यात हितं झाड लावायचं नसतंय. आहे ते जगवायचं असतंय."

पण घरामागं मोकळं परस होतं, साधारण गुंठाभर. दहा गुंठ्यांत पाच माणसं, तर आम्हां दोघा म्हाताऱ्यांना एका गुंठ्यात निदान भाजीपाला तरी सुटायला हवा, असा हिशेब मी कागदावर मांडला. बायकोला सांगितलं, जूनपासून बाजारातली भाजी बंद. ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"चा अर्थ मला जुलैमध्ये कळला, कोठीतल्या पत्र्याच्या डब्यात दोडकी सापडली तेव्हा.

राहुरी आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं बियाणं आणलं: हिमांगी काकडी, सम्राट दुधी, फुले ग्रीन गोल्ड कारलं. फुले सरबतीचं कागदी लिंबू हवंच होतं. हे वाण इथल्याच हवेसाठी तयार झालेले. ही मंडळी माझ्याशिवाय नीट वाढली असती. पण परसात त्यांच्या शेजारी मी मिरी आणि अननस लावले होते, आणि माझ्या मते खरा प्रश्न हवेचा होता.

आमची हवा कोरडी. पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही मन असेल तर. सह्याद्रीच्या पलीकडून ढग येतात ते घाटघर-रतनगडाच्या आसपासच रिकामे होतात. घाटघरला आमच्या जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात आणि आमच्याच जिल्ह्यात पाथर्डीला टँकर लागतात. घाटघरकडं पडलेलं पाणी १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात अडतं आणि प्रवरेच्या कालव्यांनी आमच्यापर्यंत येतं. म्हणजे पाणी मिळतं, ढग मिळत नाहीत. या पाण्यावर हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालला, प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम निघाला, श्रीरामपूरची मोसंबी नावाजली. आणि याच पाण्याच्या अतिरेकानं कालव्याच्या भागातल्या कितीतरी चांगल्या काळ्या जमिनी खारवट-चोपण झाल्या, मोसंबीच्या बागा मुळं कुजून वठल्या. नानाच्या पिढीचं अर्धं आयुष्य जमिनीतलं जास्तीचं पाणी बाहेर काढण्यात, चर खोदण्यात गेलं. अशा गावात मी हवेत पाणी सोडायला निघालो.

योजना सोपी होती. जीआय पाइपचा सांगाडा, त्यावर पन्नास टक्के सावलीचं हिरवं शेडनेट, बाजूनंही नेट, आत वरून लॅटरल, म्हणजे बारीक नळ्या, आणि त्यावर फॉगर. फॉगर म्हणजे पाण्याचं धुकं करणारी बारकी तोटी. अर्धा एचपीची मोटर, चोवीस तासांचा टायमर, आणि खांबाला टांगलेलं आर्द्रता दाखवणारं यंत्र. मोटर बसवायला ओलसर जागा नको म्हणून न्हाणीमागची मोरी बुजवून मी तिथं फरशी केली. मोरीच्या सांडपाण्यावर आईनं लावलेलं अळू होतं, शेजारी कर्दळ आणि एक केळ. ते सगळं काढून टाकलं. अस्वच्छ दिसत होतं.

काम चालू असताना ओट्यावरची मंडळी रोज येऊन पाहून जात. कुणाला वाटलं नर्सरी निघतेय, कुणाला वाटलं शेळ्या आणणार. एकानं आदरानं विचारलं, "अनुदान किती बसलं?"

अनुदान नाही, हौस आहे, असं मी सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

मे महिन्यात दुपारी यंत्र आर्द्रता वीसच्याही खाली दाखवत होतं. मोटर सुरू केली. छतातून सूं करून धुकं उतरलं आणि आकडा चढू लागला: तीस, पंचेचाळीस, साठ. ऐंशी गाठल्यावर मी बनियनवर खुर्ची टाकून आत बसलो. घाम फुटला आणि सुकेना. चष्म्यावर वाफ धरली. खांद्यावरचा पंचा ओला झाला. तीस वर्षांच्या नोकरीची आठवण येऊन मला भरून आलं. बायको दारातून म्हणाली, "पनवेल गाडी आली की सांगा."

मिरीनं एक कोवळं पान काढलं. त्या पानाचे मी इतके फोटो काढले की जुन्या सोसायटीच्या ग्रुपवरून दोघे बाहेर पडले.

मग एकेक सुरू झालं. आधी वाफ्यातली टोमॅटो-मिरचीची रोपं मातीलगत मऊ पडून आडवी झाली. रोप कोलमडणे म्हणतात याला. ओल आणि ऊब एकत्र कोंडली की मातीतली बुरशी हे काम रातोरात करते. आमच्या कोरड्या उन्हात ती फारशी फिरकत नाही. मी तिच्यासाठी मुद्दाम सोय केली होती. जी टोमॅटोची झाडं वाचली त्यांना फुलं आली, मी आनंदलो, फुलं गळली. टोमॅटोचा पराग उन्हाळ्याच्या उकाड्यात निकामी होतो, रात्रही तापलेली राहिली की फळ धरतच नाही. हे मी माझ्याच व्याख्यानात सांगत असे. दुधीचा वेल छान चढला आणि नुसतीच नर फुलं काढू लागला. वेलवर्गात आधी नर फुलं येतात आणि उष्णतेत त्यांचाच भरणा होतो, मादी फूल मागाहून येतं. सम्राट दुधीनं रोज मला फुलं दाखवली, दुधी दाखवला नाही. आणि मादी फूल आलं असतं तरी चारी बाजूंनी नेट लावून मी मधमाश्या-पतंगांना गावबंदी केलेली होती.

काकडीनं मात्र उमेद दिली. नेटच्या फटीतून एखादी माशी शिरली असावी, हिमांगीची दोन फळं धरली, पांढरट, देखणी. पहिलीची कोशिंबीर केली आणि वहिनींना, म्हणजे नानाच्या बायकोला, वाटी पाठवली. वाटी परत आली तेव्हा निरोप होता, "कारलं चांगलं झालंय." उष्णतेचा ताण बसला की काकडी कडू होते.

आणि मग पानांवर पांढरी पूड दिसली.

पांढरी पूड म्हणजे भुरी, हे मला माहीत होतं. भुरीवर गंधक, हेही माहीत होतं. श्रीरामपूरच्या दुकानातून पाण्यात मिसळणारं गंधक आणलं, पुडीवरचं प्रमाण लिटरला मोजून घेतलं, नाकाला रुमाल बांधला, आणि भर दुपारी, कारण सकाळी पेपर यायचा असतो, सगळ्या वेलांना न्हाऊ घातलं. गंधक कडक उन्हात मारायचं नसतं, पारा पस्तिशीच्या वर असला की ते पान जाळतं, आणि वेलवर्गाला तर ते सहसा सोसत नाही. हे पुडीवर लिहिलेलं होतं. पुडी मी चष्म्याला वाफ धरलेली असताना वाचली होती.

दुसऱ्या दिवशी काकडी, दुधी, कारलं, सगळ्यांच्या पानांच्या कडा भाजून तपकिरी झाल्या. पांढरी पूड होती तिथंच होती. मिरीच्या त्या एका पानावरही ती बसली. मिरीवर भुरी कशी आली म्हणून मी नानाला बोलावलं.

नाना आत आला, दोन मिनिटांत घामाघूम झाला, टोपी काढून पुसली. एक पान तोडलं, उन्हाकडं धरलं, मग जीभ लावली.

"खारट लागतंय."

"काय?"

"मीठ हाये रे. बोअरचं पाणी सोडतोस नं? तुझ्या धुक्यातलं पाणी उडून जातंय अन् क्षार राहतोय पानावर. आपल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तुला माहीत नाही?"

माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आई डाळीसाठी नळाचं पाणी वेगळं भरून ठेवायची.

"अन् भुरी नव्हतीच?"

"भुरी नाही. आता ही पानं कशानं जळाली ते तुलाच ठाऊक." मग त्याचं लक्ष मोटरकडं गेलं. "हितं काकूचा अळू होता नं? गावात समद्यांकडं अळूवडी काकूच्या अळूची जायची."

मी म्हणालो, मोरी अस्वच्छ दिसत होती. तो काही बोलला नाही. जाता जाता त्याच्या दारावरून मी पाहिलं तर त्यांच्या न्हाणीमागं अळू होतं, केळ होती, गवती चहा होता, पपई होती, आणि यंत्र लावलं असतं तर आकडा नक्की ऐंशीच्या वर गेला असता. वीज शून्य.

त्यानंतर फॉगर तुंबले. त्याच क्षारानं तोट्यांची तोंडं बांधली गेली. काही थेंब थेंब गळायच्या, काही बाजूला पिचकारी मारायच्या. मी सुईनं एकेक साफ करत बसलो. दरम्यान परसात झाड म्हणण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. कोकमाचं रोप जिवंत होतं, पण ते बियांपासून केलेलं. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि आपलं कोणतं हे फुलं येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, समजत नाही. सत्तरीच्या आसपास मला ते कळेल.

वहिनी एके सकाळी आल्या. बरोबर गल्लीतल्या तिघी-चौघी.

"भाऊजी, तुमचा मांडव मोकळाच हाये नं आता?"

कुरडयांचे दिवस होते. गच्चीवर घातलं की कावळे, चिमण्या, माकडं, पोरं, कुणी ना कुणी हात मारतंच. माझ्या नेटमध्ये कावळा शिरत नव्हता. सावलीनं वाळायला थोडं जास्त लागेल, पण धूळ नाही, राखण नाही. माझ्या बागेचा कुणाला तरी उपयोग होत होता, मी उदार झालो. "घाला, घाला," म्हणालो.

"ते पाण्याचं बंद हाये नं?"

"दुपारी बारालाच सुरू होतं ते. बारा वाजले की मी स्वतः इथं उभा राहून पाहतो."

खाटा आल्या, प्लास्टिकचे कागद आले, धुतलेल्या साड्या आल्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून, चीक काढून, पहाटे उठून हाटलेला. त्याच्या कुरडया माझ्या शेडनेटखाली ओळीनं पडल्या. पलीकडे बाजरीच्या खारोड्या, कडेला साबुदाण्याच्या पापड्या. परस प्रथमच भरल्यासारखं दिसलं. मी फोटो काढला आणि ग्रुपवर पाठवला, 'पीक' असं लिहून.

बारा वाजले. मी टायमरजवळ उभा राहिलो. काहीच झालं नाही. साडेबारालाही नाही. फॉगर पुन्हा तुंबले असतील, बरं झालं, असं समजून मी जेवायला गेलो आणि वामकुक्षीला पडलो.

टायमर काट्यांचा होता. वीज गेली की तो थांबायचा आणि आली की थांबला तिथून पुढं चालायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. रोज तासा-दोन तासानं मागं पडत त्या टायमरचे बारा आता संध्याकाळी पाचला वाजत होते. आणि तोट्या मी आदल्याच दिवशी सुईनं स्वच्छ केल्या होत्या.

पाच वाजता कुरडया कडकडीत व्हायला आल्या असताना आत धुकं उतरलं.

मला जाग आली ती वहिनींच्या हाकेनं नाही. हाक त्यांनी मारलीच नव्हती. मी बाहेर आलो तेव्हा त्या पाचही जणी दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून, आत धुक्यात काय काय विरघळतंय ते पाहत. माझी बायको त्यांच्यातच उभी होती. ती माझ्या बाजूला आली नाही. मी धावत जाऊन बटण बंद केलं, तोवर कुरडयांचा एकच सलग गोळा झाला होता आणि खारोड्यांची भाकरी.

भरपाई ठरवायला पंचायत बसली नाही, वहिनींनीच ठरवली. गहू मी द्यायचे. ते सोपं होतं. पण सोऱ्याही मीच दाबायचा. ज्यानं कधी कुरडईचा सोऱ्या दाबला नाही त्याला हे काय आहे ते समजणार नाही. गरम चीक, पितळी सोऱ्या, खाली वाकून उन्हात, आणि कुरडई गोल पडली पाहिजे. माझ्या कुरडया कशा पडल्या ते विचारू नका. वहिनींनी त्या बाजूला काढल्या आणि "ह्या तुमच्या तुम्ही खा" म्हणाल्या. आठवडाभर मला शर्टाची वरची गुंडी लावता येत नव्हती.

जूनमध्ये वळवाचं वादळ झालं. नेट सांगाड्यावरून सुटलं आणि नानाच्या उसात जाऊन बसलं. ते काढायला गेलो तेव्हा नाना म्हणाला, "बाळू, ते धुक्याचं दे आता मला. शेडीत लावतो. उन्हाळ्यात कोंबड्या लई मरत्यात."

त्याच्या मुलानं शेडीत फॉगर बसवले. आमच्या कोरड्या हवेत पाणी झटकन उडतं आणि उडताना गारवा करून जातं. खाडीकाठच्या बेलापुरात हीच युक्ती चालत नाही, तिथं कूलरसुद्धा नुसता ओला वारा सोडतो. त्यांनी मोटर बोअरवर न जोडता पाटाच्या पाण्याच्या टाकीवर जोडली. टायमर काढून फेकला. नातवाच्या हातात बटण दिलं. कोंबड्या आता नवी मुंबईच्या हवेत राहतात आणि कधी कधी अंडी येतात. मिरीच्या वेलाबद्दल नाना अधूनमधून विचारतो, अजून आहे का. आहे, पानं तीन.

मोटर गेल्यावर न्हाणीमागची फरशी मी उखडली, मोरी पुन्हा मोकळी केली. पाणी वाहू लागलं. बायको वहिनींकडं अळूचे गड्डे मागायला गेली, मी मागं उंबऱ्यात उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा की, कितीबी घ्या. फक्त भाऊजींनी पाणी घालायचं नाही."